नवी रायफल आणि शिपायाची पाठ

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रायफलीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. गोळीचा वेग, नळीतला दाब, पल्ला, अचूकता हे सारे तज्ज्ञांचे विषय आहेत आणि त्यांत ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. परंतु रायफल ज्याच्या खांद्यावर असते तो माणूस हा काही एकट्या तज्ज्ञांचा विषय नव्हे. इतिहासाच्या पेपरात आपण लढायांची कारणे आणि परिणाम लिहितो, सेनापतींची नावे लिहितो, तहाची कलमे क्रमवार लिहितो. त्या लढाईच्या दिवशी साध्या शिपायाच्या पाठीवर किती ओझे होते, हा प्रश्न कधी विचारला जात नाही. माझ्या मते तो विचारला गेला पाहिजे. कारण लढाईचे जे काही परिणाम होतात ते त्या शिपायाने ओझ्यासह चालून गेल्यावरच होतात.

हा प्रश्न सध्या ऐरणीवर आला आहे तो अमेरिकेत. मे २०१७ मध्ये अमेरिकी भूदलाचे तेव्हाचे प्रमुख जनरल मार्क मिली यांनी तेथील सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की आपल्या शिपायांची ५.५६ मिलिमीटरची गोळी नव्या प्रकारचे चिलखत भेदू शकत नाही. अफगाणिस्तानातला अनुभवही ताजा होता. तेथील डोंगरांत शत्रू दुरून, जड गोळीच्या मशिनगनने मारा करी. अमेरिकी शिपायाच्या आखूड कार्बाइनची गोळी तिथवर पोहोचेपर्यंत तिचा जोर ओसरलेला असे. तेव्हा ६.८ मिलिमीटरची नवी गोळी आणि तिच्यासाठी नवी रायफल करावयाचे ठरले. एप्रिल २०२२ मध्ये सिग सॉअर या कंपनीला हे काम मिळाले, मार्च २०२४ मध्ये १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या शिपायांच्या हाती ती रायफल आली, आणि मे २०२५ मध्ये एम-७ या नावाने तिला रीतसर मान्यता मिळाली.

गोळी जोरकस आहे, यात वाद नाही. नेहमीच्या पितळी काडतुसाला सोसणार नाही इतका दाब तिच्यात निर्माण होतो, म्हणून तिच्या काडतुसाचे बूड पोलादाचे केले आहे. पण निसर्गाच्या दुकानात उधारी चालत नाही. गोळीला जोर हवा असेल तर काडतूस मोठे हवे, काडतूस मोठे झाले की रायफल दणकट हवी, आणि ही सारी किंमत शेवटी एकाच ठिकाणी वसूल होते. ते ठिकाण म्हणजे शिपायाची पाठ.

हिशेबच मांडून पाहू. जुनी एम-४ कार्बाइन रिकामी असताना सुमारे ३ किलो भरते. नवी एम-७ तशीच तोलली तर ३.८ किलो, आणि आवाज व झोत दाबणारी नळी पुढे बसवली की जवळजवळ साडेचार किलो. ही नळी कधीमधी लावायची वस्तू नव्हे; ती रायफलीबरोबरच दिलेली आहे. आता गोळ्या. जुन्या कार्बाइनवाल्याजवळ ३० गोळ्यांची ७ मॅगझिने, म्हणजे २१० गोळ्या असत. त्यांचे वजन सुमारे ३.४ किलो. नव्या रायफलीच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या मावतात. म्हणून ७ मॅगझिनांत १४० गोळ्या, आणि वजन मात्र सुमारे ४.४ किलो. बेरीज केली तर रायफल आणि गोळ्या मिळून ओझे सुमारे अडीच किलोंनी वाढले आणि गोळ्या ७० ने कमी झाल्या. पूर्वीइतक्या २१० गोळ्या न्यायच्या म्हटल्या तर नुसत्या गोळ्यांचेच वजन पूर्वीच्या दुप्पट होईल.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. याच योजनेतली नवी हलकी मशिनगन जुन्या एम-२४९ पेक्षा खरोखरच हलकी आहे. जुनी सुमारे ८.७ किलोंची, नवी आवाज दाबणाऱ्या नळीसकट सुमारे ६.६ किलोंची. सुधारणा म्हणून हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. पण इथेही गोळ्या जमेस धरल्या की चित्र पालटते. जुन्या मशिनगनवाल्याकडे ६०० गोळ्या असत, त्यांचे सुमारे ९.४ किलो. नव्याकडे ४०० गोळ्या, त्यांचे सुमारे १२.३ किलो. म्हणजे हत्यार हलके झाले, माणसावरचे एकूण ओझे थोडे वाढले आणि गोळ्या एक तृतीयांशाने घटल्या. नुसते हत्यार तागडीत टाकले तर एक उत्तर येते आणि हत्यारासह माणूस तागडीत उभा केला तर दुसरे येते. माझा सारा मुद्दा या दोन उत्तरांतल्या फरकाचा आहे.

गंमत अशी, की हा धडा अमेरिकेने एकदा उलट दिशेने गिरवला होता. १९५७ साली तिने एम-१४ ही ७.६२ मिलिमीटरची रायफल स्वीकारली. ती चार किलोंहून जड होती. व्हिएतनामच्या जंगलात तिची जागा १९६० च्या दशकात एम-१६ ने घेतली, ती सुमारे ३ किलोंची. ७.६२ चे एक काडतूस २४ ग्रॅमच्या आसपास, तर ५.५६ चे त्याच्या निम्मे. तेवढ्याच ओझ्यात शिपायाला दुप्पट गोळ्या नेता येऊ लागल्या. त्या वेळी जोर देऊन हलकेपणा घेतला. आज हलकेपणा देऊन जोर घेत आहेत. दोन्ही वेळी निर्णयाला सबळ कारणे होती. कारणे नव्हती असे मी म्हणत नाही. देवघेवीत जो पैसा जातो तो कोणाच्या खिशातून जातो, एवढेच मी विचारतो.

“अडीच किलोंनी काय होते?” असे कोणी म्हणेल. शिपाई रायफल आणि गोळ्या एवढेच घेऊन चालत असता तर हा प्रश्न बरोबर होता. २००३ साली अफगाणिस्तानात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांचे ओझे प्रत्यक्ष मोहिमेवर तोलण्यात आले. रायफलधारी शिपायाच्या अंगावर ऐन लढण्याच्या वेळी सरासरी २८ किलोंहून अधिक वजन होते. पाठीवर पिठ्ठू चढवून कूच करताना ते ४३ किलोंवर जाई, आणि अडीनडीच्या कूचात ५७ किलोंच्याही वर. चिलखत, शिरस्त्राण, पाणी, बिनतारी यंत्र, तिच्या बॅटऱ्या, रात्रीची दुर्बीण, मलमपट्टी यांतली एकही वस्तू चैनीची नाही. प्रत्येक वस्तूमागे कोणाचा तरी जीव वाचल्याची किंवा गेल्याची हकिकत आहे. म्हणूनच प्रत्येक नवी वस्तू “थोडीशीच जड” म्हणून येते आणि कायमची राहते. आधीच इतके भरलेल्या माणसाला आणखी अडीच किलो म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

माणसाने आपल्या वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक ओझे घेऊन चालू नये, हा जुना दंडक आहे. ८० किलोंच्या धट्ट्याकट्ट्या गड्याला तो सुमारे २७ किलो ओझे देतो. म्हणजे लढाईला तोंड लागण्यापूर्वीच दंडक मोडलेला असतो. एस. एल. ए. मार्शल या अमेरिकी लेखकाने १९५० साली शिपायाच्या ओझ्यावर एक छोटेसे पुस्तकच लिहिले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर ओझ्याने वाकलेल्या शिपायांची पाण्यात आणि वाळूत काय गत झाली, याचा विचार त्याने त्यात केला आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की थकवा आणि भीती ही वेगवेगळी नसतात. दमलेले शरीर माणसाला भित्रे करते. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. शूर आणि भित्रा असे शिक्के आपण किती सहज मारतो! एखाद्या तुकडीचा चढ चढताना धीर सुटला असे वाचले, की तिच्या मनोधैर्याची चर्चा सुरू होते. तिच्या पाठीवर किती किलो होते, हे आधी विचारावे असे कोणाच्या मनात येत नाही.

ही गोष्ट काही आजकालची नाही. रोमन सेनापती मारियस याने सैन्यामागचा सामानाचा लांबच लांब तांडा कमी केला आणि ते सामान शिपायांच्या खांद्यावर दिले. सैन्य चपळ झाले, असे इतिहास सांगतो. शिपायांना मात्र “मारियसची खेचरे” हे नाव पडले. दोन हजार वर्षे झाली. खेचरे बदलली, मारियसही बदलले, खांदा तोच आहे.

हे अमेरिकेचे झाले, आपले काय, असे कोणी विचारील. आपल्या सैन्याचा प्रवासही असाच जाऊन परत आलेला आहे. ७.६२ ची जुनी एस.एल.आर. जवळपास साडेचार किलोंची होती. तिच्या जागी ५.५६ ची इन्सास आली. गोळी हलकी झाली, पण रायफल चार किलोंच्या आसपासच राहिली. पुढे इन्सासच्या गोळीत जोर नाही अशी तक्रार झाली, आणि २०१९ साली सिग कंपनीच्याच ७.६२ च्या ७२,४०० रायफली मागवण्यात आल्या. २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३,००० ची मागणी गेली. त्यांची मॅगझिने २० गोळ्यांची. दुसरीकडे अमेठीजवळ कोरव्याला ए.के.-२०३ या रायफली बनवण्याचा करार २०२१ मध्ये झाला. तिची गोळी आखूड काडतुसाची आणि मॅगझिन ३० गोळ्यांचे. म्हणजे सर्वांना एकच जड रायफल न देता दोन प्रकार ठेवण्याची वाट आपल्याकडे निदान खुली आहे. ती विचारपूर्वक वापरली जावी असे मला वाटते. कारण आपल्या शिपायाला नुसते चालायचे नसते. पाच हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत त्याला चढायचे असते. तिथे प्रत्येक किलो सपाटीवरच्या किलोपेक्षा जड होतो.

आपल्या महाविद्यालयातील एन.सी.सी.च्या छात्रांना विचारून पाहा. परेडच्या मैदानावर, पोटात नाश्ता असताना, चार किलोंची रायफल तासभर सांभाळली की हात भरून येतात. तिथे पिठ्ठू नसतो, चिलखत नसते, आणि समोरून गोळीही येत नसते. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतून मुले सैन्यात जातात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक “मिलिटरी अपशिंगे” म्हणूनच ओळखतात. बेळगावला ज्या रेजिमेंटचे केंद्र आहे तिच्या नावातच “लाइट इन्फन्ट्री” हे शब्द आहेत. हलक्या ओझ्याने पुढे धावणारे पायदळ, हा त्या शब्दांचा मूळ अर्थ. तो अर्थ नुसता नावात उरू नये.

मग जड गोळी घ्यायचीच नाही का? मी तसे म्हणत नाही. शत्रूच्या अंगावर चिलखत असेल तर ते भेदणारी गोळी कोणाजवळ तरी असलीच पाहिजे. परंतु ती प्रत्येकाजवळ असलीच पाहिजे का? लांबचा वेध घेणारे दोन-तीन नेमबाज आणि मशिनगनवाला यांच्याकडे ती असावी, बाकीच्यांना हलके हत्यार आणि भरपूर गोळ्या असाव्यात, ही वाट मला अधिक शहाणपणाची वाटते. दुसरे असे, की रायफलीची परीक्षा गोळीबाराच्या मैदानावर, ताज्यातवान्या माणसाच्या हाती देऊन होऊ नये. आधी त्याला पूर्ण ओझ्यासह वीस किलोमीटर चालवावे, टेकडी चढवावी, आणि मग नेम धरायला सांगावे. तेव्हा कळेल की सहाशे मीटरचा पल्ला रायफलीत आहे, पण तो त्या थरथरणाऱ्या हातात आहे का. आणि तिसरे, सर्वांत साधे: पाठीवर एक किलो चढवायचा असेल तर कोणता एक किलो उतरवणार, ते ज्याने चढवला त्याने आधी लिहून द्यावे.

अमेरिकेत हा वाद उघडपणे चालू आहे, ही गोष्ट मला चांगली वाटते. २०२५ साली त्यांच्याच भूदलातल्या एका कॅप्टनने नव्या रायफलीचे वजन आणि कमी पडणाऱ्या गोळ्या यांवर जाहीरपणे बोट ठेवले. कंपनीने त्याचे आक्षेप फेटाळले. परंतु त्याच वर्षी त्याच कंपनीने त्या रायफलीची हलकी आवृत्तीही पुढे आणली. दोहोंचा एकमेकांशी संबंध किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यातून दिसते ते एवढेच, की वजन कमी करता येते आणि त्यासाठी कोणीतरी बोलावे लागते.

शिपाई सहसा बोलत नाही. हुकूम आला की ओझे उचलायचे, ही त्याची शिस्त आणि तिच्याबद्दल आपल्याला आदर आहे. पण त्याची शिस्त ही आपली सोय होता कामा नये. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना वजन आकड्यात दिसते. ज्याचे जळते त्यालाच कळते. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला आपण जवानांचा जयजयकार करतो, तो अवश्य करावा. परंतु नव्या शस्त्रांची वर्तमानपत्रातली वर्णने वाचताना पल्ला आणि किंमत यांच्याबरोबर आणखी एक आकडा शोधण्याची सवय आपण सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनी लावून घ्यावी. गोळ्यांसकट, पाण्यासकट, चिलखतासकट त्या माणसाच्या अंगावर एकूण किती किलो होणार? हा आकडा छापलेला नसेल तर तो मागावा. जोपर्यंत तो मागणारे कोणी नाही, तोपर्यंत प्रत्येक नवी रायफल तज्ज्ञांच्या मेजावर हलकीच भरणार.