खेळातली चित्रे आणि आमचे शहाणपण

मराठी मध्यमवर्गाला चित्रकार आवडतो, पण तो शेजाऱ्याच्या घरी जन्मलेला असावा, ही तक्रार जुनी आहे. आता तिच्यात नवी भर पडली आहे. आमच्या ग्वाल्हेरात, लष्करातल्या जुन्या मराठी वाड्यांतून अलीकडे एखादे पोर बारावीच्या उंबरठ्यावर सांगते, “मला व्हिडिओ गेमची चित्रे काढायची आहेत.” मग घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, गेम म्हणजे जुगार, पोर वाया गेले. दुसरा पक्ष दुसऱ्याच दिवशी चौकातल्या क्लासात जाऊन फीचा पहिला हप्ता भरून येतो. हे दोन्ही पक्ष मला सारखेच अडाणी वाटतात.

पहिल्या पक्षाचे आधी पाहू. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायद्याने बंदी घातली. त्याच कायद्याच्या नावात ऑनलाइन गेमिंगचे ‘संवर्धन’ हा शब्द आहे, हे मात्र आमच्या काकांनी वाचलेले नसते. पत्त्यांचा क्लब बंद झाला म्हणून पत्त्यांवरची राणी रंगवणारा गुन्हेगार ठरतो काय?

आणि उपयोजित कलेबद्दल नाक मुरडण्याचा हक्क निदान दिवाळी अंकाच्या वाचकाला तरी नाही. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला आणि मुखपृष्ठ हेच आपले दालन मानले. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे आणि देखावे रंगवता रंगवता कोल्हापुरात चित्रसंस्थाच उभी केली. बेळगावच्या के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली तयार झालेले रवी परांजपे जाहिराती आणि न बांधलेल्या इमारतींची चित्रे काढत मोठे झाले. न बांधलेली इमारत आत जाऊन पाहिल्यासारखी दाखवणे, हेच तर गेममधल्या चित्रकाराचे काम! फरक इतकाच, की त्याच्या इमारतीत खेळणारा खरोखर शिरतो आणि कोणत्याही कोपऱ्यातून मान वर करून छताकडे पाहतो.

हे काम चालते कसे, ते थोडे सांगायला हवे, कारण फी भरणाऱ्यांनाही ते ठाऊक नसते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने काढले जाते. म्हणून प्रत्येक वस्तूला त्रिकोणांचे अंदाजपत्रक असते. एका खांबावर सगळी उधळपट्टी केली तर बाकीचा सभामंडप अडखळतो. मग कलाकार आधी बारीक कोरीव शिल्प घडवतो, त्याच आकाराचा साधा, हलका सांगाडा बनवतो आणि कोरीव कामाचा आभास त्या सांगाड्यावर चढवतो. एकच तुकडा असा बेततात, की शेजारी शेजारी ठेवला तर सांधा दिसू नये. आमच्याकडे तानसेनाच्या समाधीशेजारी महंमद घौसचा मकबरा आहे. त्याच्या दगडी जाळ्या पाहा. एक आकृती, तिची पुनरावृत्ती, आणि सांधा शोधूनही सापडत नाही! मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांत हंसांची रांग आहे, हत्ती आहेत, मगरी आहेत, केळीची झाडे आहेत. मानसिंह तोमरांच्या कारागिरांनी पाचशे वर्षांपूर्वी हेच गणित सोडवले होते. पण आमची पोरे या भिंतीला पाठ करून फोटो काढतात आणि क्लासात जाऊन जपानी तलवार घडवतात.

तलवारीचे उगीच म्हटले नाही. नात्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून अशाच एका क्लासची वर्षभराची फी भरली. वर्षअखेरीस तिचा कामाचा संच पाहिला. वर्गातल्या प्रत्येकाची तीच तलवार, तीच लाकडी पेटी, तोच पिंप! शिक्षकाने पडद्यावर बटणे दाबली, पोरांनी मागोमाग दाबली. प्रमाणपत्र सोनेरी होते. स्टुडिओत मात्र प्रमाणपत्राला कोणी विचारत नाही, संच बघतात. तोच पिंप विसाव्यांदा पाहणारा माणूस पुढचे पान उलटतो. ‘नोकरीची हमी’ या शब्दांखाली कोणती नोकरी, किती पगाराची, हे छापलेले नसते. विचारायचे आम्हाला सुचत नाही, कारण फी जास्त म्हणजे शिक्षण चांगले, ही आमची ठाम श्रद्धा.

गाण्याच्या बाबतीत हेच ग्वाल्हेर असे वागले नव्हते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मराठी मुलखातून इकडे आले, वासुदेवबुवा जोशींकडे राबले आणि ती गायकी घेऊन खाली गेले. मिरजेला त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर शिकले. कोणी त्यांना तीन महिन्यांत ख्याल शिकवण्याची हमी दिली नव्हती. चित्राला मात्र तालीम नको, फक्त सॉफ्टवेअर हवे, हा शोध आमच्या पिढीचा.

वास्तविक सॉफ्टवेअर हा या मार्गातला सर्वांत स्वस्त भाग आहे. ब्लेंडर फुकट मिळते. अनरिअल शिकण्यासाठी पैसे पडत नाहीत. महाग आहे तो हात आणि डोळा. माणसाचे शरीर, वस्त्राची घडी, दूर जाणारी रेषा, पाच वाजताचे ऊन, यांना चार-पाच वर्षे द्यावी लागतात. ती द्यायला घराजवळच सोय आहे. आमच्या शहरात राजा मानसिंह तोमर संगीत एवं कला विश्वविद्यालय आहे. भोपाळला २०१९ पासून राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. जबलपूरच्या आयआयआयटीडीएममध्ये डिझाइनची पदवी आहे आणि तिथला प्रवेश यूसीड परीक्षेतून होतो. ती परीक्षा मुंबईची आयआयटी घेते आणि कला शाखेचा विद्यार्थीही देऊ शकतो. पदवीनंतर खास गेमचेच शिकायचे तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा बंगळूरला पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. क्लास लावूच नये असे मी म्हणत नाही. पाया झाल्यावर सहा महिने एखादे अवजार शिकायला जरूर लावावा, पण पायाच्या जागी नव्हे.

“आणि नोकरी?” हा प्रश्न रास्त आहे. बंगळूरच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने १९९७ पासून परदेशी गेमसाठी चित्रकाम केले, २०१९ साली ती रॉकस्टारने घेतली. गुडगावात लक्ष्य डिजिटल आहे, पुण्यात यूबीसॉफ्ट आहे. तथापि हे बहुतेक काम दुसऱ्याच्या आराखड्यावरचे, मजुरीचे आहे, हे लपवू नये. यूबीसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या नव्या आवृत्तीचे मोठे काम आले. २०२० साली तिची झलक दाखवताच चित्रांवरच टीका झाली आणि २०२२ साली काम माँट्रियलला गेले. त्याच २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स या लहानशा चमूने ‘राजी’ हा स्वतःचा गेम काढला. तो पहाडी चित्रशैलीचा आधार घेऊन रंगवलेला होता, आणि ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. मोठ्या कंपनीपेक्षा लहान चमू श्रेष्ठ, असा सिद्धांत यातून मी काढणार नाही. ‘राजी’साठीही लोकवर्गणी मागितली, तेव्हा ती पुरेशी जमली नव्हतीच. पण काय चितारायचे हे त्यांचे त्यांना ठाऊक होते, हे खरे.

सीमाभागातल्या वाचकांना एक चिमटा काढतो. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग कंपनीने ‘अनचार्टेड’ मालिकेचा एक भाग पश्चिम घाटात घडवला आणि त्यात होयसळांची पडझड झालेली नगरे उभी केली. बेलूर-हळेबीड त्यांना समुद्रापलीकडून दिसले! आपण त्या दगडांचे मालक कोण यावर निवेदने देत बसलो.

यंत्र आता स्वतःच चित्रे काढते, मग पोराने शिकावे कशाला, असेही विचारतात. भीती खोटी नाही. २०२३ आणि २०२४ साली जगभर या धंद्यातून हजारो माणसे कमी झाली. त्याला यंत्रापेक्षा कर्जाची आणि विक्रीची कारणे अधिक होती, पण पुढे पिंप आणि पेट्या यंत्रच करील असे दिसते. म्हणजे क्लास जे शिकवतो तेच आधी जाणार. शिवाय हा हात सिनेमाच्या दृश्यकरामतीला चालतो, वास्तुविशारदाच्या कचेरीत चालतो, संग्रहालयात चालतो. गुजरी महालातली ग्यारसपूरची शालभंजिका पाहून तिच्या कमरेची लय कागदावर उतरवू शकणारी मुलगी उपाशी राहील, असे मला वाटत नाही. श्रीमंत होईल, असेही मी सांगत नाही. पहिली दोन-तीन वर्षे पगार बेताचाच, तोही घरापासून दूर बंगळूर-पुण्याच्या भाड्यात जाणारा. आई-बापांनी क्लासासाठी काढलेले पैसे या वर्षांसाठी राखून ठेवले तर जास्त कामाला येतील.

संचात चाळीस अर्धवट चित्रे नकोत, चार पुरी झालेली हवीत. त्यांतले एक तरी आपल्या गावचे असावे. सास-बहू मंदिराचा एखादा खांब, लष्करातल्या वाड्याचा जिना, नाहीतर बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती. सांगाडाही सोबत दाखवावा, नुसता साज नव्हे.

यूसीडचे अर्ज सहसा दिवाळीच्या सुमारासच चालू असतात आणि परीक्षा जानेवारीत होते. घरात बारावीचे पोर असेल तर फराळाचे ताट बाजूला सारून शेवटची तारीख आजच पाहून घ्या.