टर्बोचा मान ‘पहिल्या’लाच का द्यावा?

१/ मोटारींच्या इतिहासात १९६२ हे वर्ष ठळक अक्षरांत लिहिले जाते. त्या वर्षी अमेरिकेतील जनरल मोटर्सने टर्बोचार्जर बसवलेल्या दोन प्रवासी गाड्या जवळपास एकाच सुमारास बाजारात आणल्या: ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर. यांतली आधीची कोणती, यावर आजही हिरिरीने वाद होतो. माझ्या मते तो वादच चुकीच्या प्रश्नावर चालला आहे.

२/ प्रथम यंत्र समजून घेऊ. साधे इंजिन स्वतःच श्वास घेते: दट्ट्या खाली सरकतो आणि बाहेरची हवा वातावरणाच्या दाबाने सिलिंडरमध्ये शिरते. टर्बोचार्जरमध्ये एक्झॉस्टच्या वायूंवर एक चक्र फिरते; त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र आत हवा कोंबते. हवा अधिक, म्हणून जळणारे इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक.

३/ या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी विमान-इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेऊन तेथे टर्बोची चाचणी घेतली. विरळ हवेत गमावलेली शक्ती परत मिळवणे, हा त्यांचा हेतू होता.

४/ जमिनीवरच्या मोटारीची अडचण निराळी. तिथे हवा पुरेशी असते. त्यावर आणखी कोंबली की दाब आणि उष्णता वाढतात, आणि ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते दीर्घकाळ चालले तर दट्ट्यांची दुर्दशा ठरलेली.

५/ कॉर्व्हेअरच्या अभियंत्यांनी सोपा मार्ग निवडला. त्यांनी कॉम्प्रेशन रेशो ८:१ इतका खाली आणला आणि इंजिनाचे आतील भाग बळकट केले. टर्बो जोडण्यापूर्वी त्यांनी इंजिनाला तो सोसण्यास तयार केले. शक्ती मिळाली १५० अश्वशक्ती.

६/ जेटफायरने कॉम्प्रेशन १०.२५:१ असेच उंच ठेवले. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडण्याची योजना केली. त्याचे नाव ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. ३.५ लिटरच्या त्या व्ही-८ इंजिनातून २१५ अश्वशक्ती निघत असे. मात्र ते मिश्रण वेळोवेळी भरणे मालकाकडे होते.

७/ ही योजना वेडगळ नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पी-४७ थंडरबोल्ट या लढाऊ विमानात टर्बो आणि पाण्याची फवारणी दोन्ही यशस्वीपणे नांदत होती. पण त्या विमानामागे प्रशिक्षित तंत्रज्ञांचा ताफा असे. जेटफायरमागे होता ऑफिसला निघालेला गृहस्थ.

८/ तो गृहस्थ मिश्रण भरायला विसरू लागला. टाकी रिकामी झाली की सुरक्षायंत्रणा टर्बोचा दाब रोखी, आणि मालकाला वाटे, गाडी बिघडली. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. १०,००० गाड्याही बनल्या नाहीत. पुढे कित्येक गाड्यांवरचा टर्बो उतरवून त्याजागी साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला. टर्बो असलेली कॉर्व्हेअर मात्र १९६६ पर्यंत टिकली.

९/ कोणी म्हणेल, धाडस करणाऱ्यालाच ठेच लागते. जेटफायरची थट्टा कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि थट्टेचा माझा हेतूही नाही. पण धाडसाचे कौतुक करताना, त्या धाडसाचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला होता, हे इतिहासाने विचारलेच पाहिजे.

१०/ या प्रश्नाचे उत्तम उत्तर स्वीडनमधून आले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात साबने ९९ टर्बो आणली. तिचे कॉम्प्रेशन कमी होते. टर्बो लहान होता, आणि जादा दाब सोडून देणारी वेस्टगेट झडप होती. वरच्या वेगापेक्षा रोजच्या रस्त्यावर उपयोगी पडेल असा मधला जोर तिने साधला.

११/ १९८० च्या दशकारंभी साबने एपीसी यंत्रणा आणली. इंजिनावरचा संवेदक नॉकिंगची चाहूल घेई आणि टर्बोचा दाब आपोआप कमी करी. जेटफायरने मालकाच्या स्मरणशक्तीवर सोपवलेले काम इंजिन आता स्वतःच करू लागले. टर्बो खऱ्या अर्थाने घरगुती झाला तो येथे, असे माझे मत आहे.

१२/ आजही साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो जोडू पाहणाऱ्या हौशी तरुणासमोर हाच हिशेब असतो: दट्ट्या, कॉम्प्रेशन, इंधन, थंडावा, सारे त्या जादा हवेच्या मापाने बदलावे लागते. म्हणून इतिहास वाचताना ‘पहिला कोण?’ एवढ्यावर थांबू नका. ‘ते पेलण्याची तयारी कोणी केली?’ हेही विचारा. कळस सर्वांना दिसतो. पाया शोधावा लागतो.