शस्त्रक्रिया फसली, दाद कशाची मागायची?

पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष लोटले, तरी प्रस्तुत लेखकाला वर्गात तासभर उभे राहून शिकविता येत नाही. 'डॉक्टरांना कोर्टात खेचा,' असे स्नेही म्हणतात. परंतु शस्त्रक्रियेला अपयश आले म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे नव्हे. सरकलेली चकती काढल्यावरही दबलेली नस पूर्ववत होईलच, अशी हमी वैद्यकशास्त्र देत नाही.

मग दाद कशाची मागायची? रुग्ण स्वीकारावा की नाही, उपचार कोणता करावा व तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरांनी वाजवी दक्षता घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातील एका प्रकरणात १९६८ साली सांगितले. संमती घेण्यापूर्वी धोके व पर्याय समजावून देणे २००८ साली त्याच न्यायालयाने आवश्यक ठरविले. सशुल्क उपचारांबाबत ग्राहक कायद्याखाली तक्रार करता येते, हे १९९५ च्या निकालाने स्पष्ट झाले. मुदत मात्र दोनच वर्षांची!

पुरावा द्यायचा रुग्णाने आणि कागद रुग्णालयाच्या कपाटात! अर्थशास्त्र जिला माहितीची विषमता म्हणते, ती हीच. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा नियम २००२ पासून आहे. पण तो माहीत किती रुग्णांना? प्रस्तुत लेखकाने तसा अर्ज केला आहे. ते कागद दुसऱ्या तज्ज्ञाला दाखविल्यावरच तक्रारीचा विचार करणे योग्य ठरेल. रुग्णाला घरी पाठवितानाच सर्व नोंदींची प्रत देण्याची सक्ती शासनाने केली, तर निष्कारण संशय टळतील आणि खऱ्या अपराध्यालाही लपता येणार नाही.