वार्धक्यातील विस्मृती : आधी निदान, मग मेध्य रसायन

'वडिलांना अलीकडे काही आठवत नाही, एखादी ब्राह्मीची गोळी द्या,' ही मागणी आपल्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानातही नित्याची झाली आहे. ती तत्काळ पुरी करणे शास्त्राला धरून आहे काय, याचा विचार वैद्यबंधूंनी आणि औषधविक्रेत्यांनी एकत्रितपणे करावा, यासाठीच हा लेखनप्रपंच.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना डिमेन्शिया आहे. परंतु विसरणारी प्रत्येक वृद्ध व्यक्ती या गणनेत मोडत नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, थायरॉइडची मंदता, नैराश्य, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त, यांमुळेही स्मृती मंदावते आणि वेळीच ओळखल्यास या कारणांवर उपाय करता येतो. अशा रुग्णास रक्ततपासणीवाचून महिनोन्महिने मेध्य औषध देत राहणे म्हणजे उपायाची वेळ दवडणे होय.

रुग्ण आधीपासून कोणती औषधे घेतो, हेही विचारले पाहिजे. ॲलर्जीवरील जुन्या गोळ्या व मूत्राशयावरील काही औषधे ॲसिटिलकोलीनचे कार्य रोखतात. अल्झायमरमध्ये दिले जाणारे डोनेपेझिल नेमके तेच कार्य वाढविण्यासाठी असते. येथे आपण स्वतःच्या घराकडेही पाहावे. निद्रानाशावर सर्रास दिल्या जाणाऱ्या सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात खुरासानी ओवा असतो. त्यातील हायोसायमिन व स्कोपोलामिन हीदेखील ॲसिटिलकोलीनरोधकच आहेत. एका हाताने ब्राह्मी आणि दुसऱ्या हाताने खुरासानी ओवा देऊन वृद्धाच्या स्मृतीचे हित कसे साधणार?

संशोधनाचा बोधही स्पष्ट आहे. गिंको ही स्मृतिवर्धक म्हणून जगभर खपणारी वनस्पती. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यापुढील ३,०६९ व्यक्तींवर तिची दीर्घ चाचणी झाली. डिमेन्शियाचे प्रमाण तिने घटले नाही, असा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. आपल्या ब्राह्मीवरील चाचण्यांत काही आशादायक निष्कर्ष मिळाले आहेत. परंतु त्यांतील बऱ्याच चाचण्या निरोगी व्यक्तींवर आणि सुमारे १२ आठवड्यांच्या आहेत. निरोगी माणसाचे स्मरण किंचित सुधारणे आणि डिमेन्शिया रोखणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

शिवाय 'ब्राह्मी' म्हणजे कोणती? कोठे जलब्राह्मी (बॅकोपा) दिली जाते, तर कोठे मंडूकपर्णी (सेंटेला). शंखपुष्पीच्या नावाखाली तर विष्णुक्रांता, गोकर्णही येतात. चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी यांचा वेगवेगळा कल्प सांगितला आहे, शंखपुष्पीस विशेष मेध्य म्हटले आहे. द्रव्यच निश्चित नसेल, तर एका वैद्याचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडणार नाही आणि संशोधनही उभे राहणार नाही.

याचा अर्थ आपले हात रिकामे आहेत असा मुळीच नव्हे. फिनलंडमधील १,२६० वृद्धांवरील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवरील लक्ष यांच्या दोन वर्षांच्या एकत्रित योजनेने बौद्धिक क्षमतेस लाभ झाला. आहार-विहाराचे असे नियोजन दिनचर्येचा आग्रह धरणाऱ्या वैद्याला परके नाही.

म्हणून विनंती इतकीच. वैद्यबंधूंनी विस्मृतीच्या प्रत्येक वृद्ध रुग्णाची औषधांची यादी पाहावी, तपासण्या कराव्यात, आवश्यक तेथे मेंदूरोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि मगच रसायन योजावे. औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव ठळक छापावे. दुकानदारांनी गोळी देण्यापूर्वी 'वैद्यांना दाखवले का?' एवढे अवश्य विचारावे. या एका प्रश्नाने गोळीची विक्री कदाचित थोडी घटेल. परंतु एखाद्या घरातील वडीलधाऱ्याचे हरवू पाहणारे भान त्याने वेळीच परत मिळू शकेल.