ओसरीवरून : तिथीवांचून

'अतिथि' या शब्दाची फोड आपल्याकडे 'ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो' अशी करितात, हें वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. चौतीस वर्षें ही फोड मीं मुलांकडून घोकून घेतली; परंतु स्वतः मात्र कधीं अतिथि झालों नाहीं. कोणाकडे जावयाचें तर चार दिवस आधीं कळवावें, माणसें किती व जेवणार कीं कसें तें सांगावें, परतीची गाडी ठरवावी आणि मगच उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावें, असा माझा शिरस्ता. आमच्या घरांतून याला 'वेळापत्रक' म्हणतात. गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं तें मोडलें, त्याची ही हकीकत.

वाईस आमचा वडिलार्जित वाडा आहे. वडील बंधूंच्या पश्चात् तेथें वहिनी एकट्याच राहतात, वय 78. त्यांचे चिरंजीव बंगळुरास नोकरीला. वाडा पाडून तेथें तीन मजली इमारत उठवावी, तींत वहिनींस दोन खोल्या मिळाव्या, आणि इमारत पुरी होईपर्यंत त्यांनीं पुण्यास आमच्याकडे यावें, अशी योजना आम्ही काका-पुतणे गेलीं दोन वर्षें दूरध्वनीवरून आंखीत होतों. योजनेंत वाईट कांहींच नव्हतें. वाशांना वाळवी लागली आहे, माडीची एक भिंत फुगली आहे, आणि म्हाताऱ्या माणसानें एकटें राहावें असें कोणाला वाटेल ? वाड्यांत माझाही हिस्सा असल्यामुळें माझी सही हवी होती. त्या रविवारीं सकाळीं संमतिपत्र पुढें घेऊन मीं लेखणीचें टोपण काढलें, तों सौ. चहाचा पेला ठेवीत म्हणाली, "सही करण्यापूर्वीं एकदां वहिनींना भेटून यावें, असें नाहीं का वाटत ?"

"पुढच्या रविवारीं जाऊं. आज त्यांना कळवितों."

"कळवूं नका. आजच जाऊं."

खरें सांगावयाचें तर मला रागच आला. पण रागाला आधार सांपडेना. तासाभरांत आम्ही दोघें स्वारगेटवर उभीं होतों.

एस. टी.च्या प्रवासांत स्त्रियांना 2023 सालापासून अर्धें तिकीट मिळूं लागलें, आणि मी 68 वर्षांचा असल्यामुळें माझेंही अर्धेंच. दोघांचें मिळून एका माणसाचें भाडें पडलें ! अर्धांगी हा शब्द महामंडळानें इतका मनावर घेतला असेल, असें वाटलें नव्हतें. शिरवळास नीरा ओलांडली, खंबाटकीचा घाट चढून उतरलों, आणि सुरूरच्या फाट्यावर गाडी वाईकडे वळली. उजव्या हाताला कोंवळ्या उन्हांत डोंगर दिसूं लागले, तेव्हां मला लहानपणची सुटी आठवली व सकाळचा राग कोठल्या कोठें गेला.

वाड्याचा दिंडीदरवाजा नुसता लोटलेला होता. सोप्यावर शाळकरी वयाच्या तीन मुली पुस्तकें पसरून बसल्या होत्या. एकीनें मान वर करून, "आजी जेवताहेत," असें सांगितलें व पुन्हा पुस्तकांत डोकें घातलें. आम्ही आंत गेलों. वहिनी माजघरांत खुर्चीवर बसून ताटलींत मेतकूट-भात कालवीत होत्या. आम्हांला पाहून त्या इतक्या गडबडल्या, कीं मलाच अपराध्यासारखें झालें.

"कळविलें असतें तर पुरण घातलें असतें !"

"म्हणूनच नाहीं कळविलें," सौ. म्हणाली आणि पदर खोंचून स्वयंपाकघरांत शिरली.

मी माजघर पाहूं लागलों. आम्ही येतों तेव्हां वहिनींचा बिछाना माडीवर असे. आतां तो खालीं, देव्हाऱ्याशेजारीं होता, आणि जिन्याच्या दाराला कुलूप होतें. बिछान्याच्या उशापासून निघून, भिंतीच्या खुंट्याखुंट्यांना वेढे देत, एक सुती दोरी मागल्या पडवींतून न्हाणीपर्यंत गेली होती.

"ही दोरी कसली, वहिनी ?"

त्या क्षणभर बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "रात्रीं उठावें लागतें, भावजी. अंधारांत दिसत नाहीं आणि न्हाणीच्या पायऱ्या उंच. शेजारच्या मुलाकडून बांधून घेतली. धरधरून जातें."

"पण दिवाळींत आम्ही आलों, तेव्हां ही नव्हती."

"तुम्ही येणार म्हणून कळलें, कीं सोडून ठेवतें. बिछानाही वर नेववतें."

"तो कां ?"

"दोरी पाहिली असती, तर त्याच गाडीनें मला पुण्याला घेऊन गेला असतां."

यावर मी काय बोलणार ? त्या क्षणीं माझ्या मनांत नेमकें तेंच आलें होतें. शाळातपासणीचा दिवस आधीं कळला, कीं भिंतींना चुना लागतो, फुटका फळा कोठडींत जातो, आणि हुशार मुलें पुढच्या बाकांवर येतात. हे सारे प्रकार मीं स्वतः केले आहेत. तपासनीस साहेब संतुष्ट होऊन जात, व फळा पुन्हा बाहेर येई. दोन वर्षें वहिनींच्या घरचा तपासनीस मीच होतों, हें मात्र लक्षांत आलें नव्हतें.

पिठलें-भात झाला. जेवणानंतर वहिनींनीं दिनदर्शिकेमागून एक वही काढली. तींत गवंड्याचा हिशेब होता : माजघरालगत नवी मोरी व शौचकूप, भिंतीला लोखंडी कठडा, सडलेले वासे बदलणें, कौलें परतणें, एकूण सव्वातीन लाख. खालीं त्यांच्या स्वतःच्या ठेवींचा आंकडा, आणि सोप्यालगतच्या दोन खोल्या परगांवच्या विद्यार्थिनींना दिल्यास येणारें भाडें. बेरजा दोनदां तपासलेल्या. आमच्या योजनेला दोन वर्षें झालीं होतीं. या वहीवरील पहिल्या पानाची तारीख त्याहून जुनी होती.

"तुमच्या इमारतींत मी कितव्या मजल्यावर, भावजी ?"

"दुसऱ्या. वर न्यायला पाळणा आहे."

"आणि या मुली ?"

नकाशांत मुली नव्हत्या. त्यांच्या घरीं दोन खोल्यांत सहा-सात माणसें. म्हणून सुटीच्या दिवशींही सकाळपासून येथें येतात, वहिनींचें औषध आणतात, दळण टाकतात, आणि संध्याकाळीं दिवा लावून जातात. हें आम्हांला दूरध्वनीवर कधीं कळलें नाहीं, कारण आम्ही प्रकृति विचारीत असूं व त्या 'ठीक' म्हणत.

उन्हें उतरल्यावर वहिनींस हाताशीं धरून आम्ही घाटावर गेलों. 1762 मध्यें रास्त्यांनीं बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागली बाजू माशाच्या आकाराची आहे, म्हणजे कृष्णेचा पूर तेथें दुभंगतो व देऊळ उभें राहतें. लहानपणीं या दगडांवर बसून आम्ही भावंडें पाय सोडीत असूं. तेथेंच बसून वहिनींनीं आपला खरा बेत काढला.

"या गांवांत धर्मकोश झाला, विश्वकोश झाला. आणि आमच्या आळींतल्या या मुलींना समास सोडवून द्यायला कोणी नाहीं. तुम्ही निवृत्त होऊन दहा वर्षें झालीं. वर्षांतले चार महिने येथें येऊन राहा ना !"

मी हरखून गेलों, हें लपवीत नाहीं. पण सौ. गप्प होती. परतीच्या गाडींत ती म्हणाली, "वहिनींना न विचारतां तुम्हीं दोन वर्षें ठरविलेंत. आतां मला न विचारतां ठरवूं नका." सून नोकरीस जाते, नातू दोन वाजतां शाळेंतून येतो, त्याच्या हातीं पोळी कोण देणार? शिरवळापर्यंत आमचा वाद चालला, तो स्वारगेट आलें तरी पुरा झाला नव्हता. शिवाय ती दोरी माझ्या डोळ्यांपुढून हालत नव्हती. मुली संध्याकाळीं जातात. वहिनी रात्रीं उठतात.

मनूनें एक रात्र राहणाऱ्यास अतिथि म्हटलें आहे; आम्ही तेवढेंही राहिलों नव्हतों.

रात्रीं पुतण्याला दूरध्वनि केला. सही केली नाहीं, असें सांगतांच तो रागावला. त्याचें बरोबरच होतें. त्यानें पुष्कळ धांवाधांव केली आहे. मग मीं दोरीची गोष्ट सांगितली. बराच वेळ पलीकडून शब्द आला नाहीं.

"काका, ती किती लांब आहे ?"

"सहा वाव तरी असेल."

"आणि वाटेंत दिवा ?"

"नाहीं."

तो संक्रांतीस रजा काढून येणार आहे. कोणास कळवावयाचें नाहीं, असें त्यानेंच सांगितलें. कठडा व दिवे तेवढे आधीं करून घ्यावे, बाकीचें वहिनींसमोर बसून ठरवावें, एवढ्यावर आमचें एकमत झालें. संमतिपत्र माझ्या पंचांगांत आहे. सूनबाईंशीं सौ.चें बोलणें झालें असून, पहिला महिना मीं एकट्यानें जावें, असा निकाल लागला आहे. स्वयंपाकाचें काय, असें विचारतां, पिठलें येतें ना, असें उत्तर मिळालें.