तव्यावर ऑईल तापवून काय कळतं?

तव्यावर दोन ऑईलं तापवायची, ज्याचा धूर आधी निघेल ते डुप्लिकेट. असले व्हिडिओ ग्रुपवर पाठवू नका मित्रांनो. ही चाचणी नाही, तमाशा आहे.

खरी चाचणी प्रयोगशाळेत होते. 'नोअॅक' चाचणीत ऑईल २५० अंशांवर तासभर ठेवतात, ठरावीक वेगाने हवा खेचतात आणि किती वजन उडालं ते मोजतात. पेट्रोल गाड्यांच्या एपीआय एसपी दर्जाला मर्यादा १५ टक्के. शिवाय उष्णतेत ऑक्सिजनने तेल बिघडतं. ढोबळमानाने दर १० अंशांना हा वेग दुप्पट. मग तेल दाट होतं, आम्ल तयार होतं, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. नुसत्या रंगावरून यातलं काही कळत नाही. डिझेल इंजिनात चांगलं ऑईलही लवकर काळं पडतं, कारण ते काजळी धरून ठेवतं.

मग उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं ओळखायचं कसं? वैधमापन खातं डब्यातलं माप बघतं, पण माल कोण बघतं?

माझी मागणी साधी आहे. गळीत हंगामाआधी प्रशासनानं बाजारातले नमुने उचलावेत, तपासावेत आणि निकाल जाहीर करावेत.

तोवर सुटं ऑईल घेऊ नका. पक्कं बिल मागा. रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्या. जळकं ऑईल वाटेल त्याला विकू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. इंजिन बसलं तर हंगामाची कमाई गॅरेजमध्येच जाईल. पटलं तर शेअर करा.