दिवे गेले आणि शेजारी राक्षस झाले

जुन्या मालिकांचे चाहते एकत्र जमले की एक प्रश्न हमखास निघतो. तुमचा आवडता भाग कोणता? अमेरिकेत 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेबद्दल हा प्रश्न गेली साठांहून अधिक वर्षे विचारला जात आहे. तेथे नववर्षाच्या सुट्टीत या मालिकेचे भाग ओळीने दाखवण्याची प्रथा १९९० च्या दशकात सुरू झाली. मार्क स्कॉट झिक्री या लेखकाने तर १९८२ साली प्रत्येक भागाची माहिती देणारे जाडजूड पुस्तकच काढले. ज्या मालिकेचे शेवटचे चित्रीकरण होऊन दोन पिढ्या उलटल्या, तिच्या भागांवर लोक आजही हिरिरीने वाद घालतात. असे त्यात काय आहे, हे आपणही पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ट्वायलाइट म्हणजे तिन्हीसांजेचा उजेड. दिवस मावळलेला आहे, पण रात्र पडलेली नाही, अशी वेळ. ही मालिका २ ऑक्टोबर १९५९ रोजी सीबीएस या वाहिनीवर सुरू झाली आणि १९६४ पर्यंत चालली. एकूण १५६ भाग झाले. त्यांतले ९२ एकट्या रॉड सर्लिंग यांनी लिहिले. आपल्याकडे मालिका म्हटली की तेच घर, तीच सासू, तीच सून वर्षानुवर्षे चालते. येथे तसे नाही. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी, माणसे वेगळी, कधी कधी ग्रहसुद्धा वेगळा. भाग संपला की गोष्ट संपली. म्हणून येथे कोणी एका नायकाचा चाहता होत नाही. माणूस एखादी गोष्ट निवडतो, आणि त्याने कोणती निवडली यावरून तो स्वतः कसा आहे हेही थोडेफार कळते.

चाहत्यांच्या पसंतीत नेहमी वर असणारा एक भाग म्हणजे 'टाइम इनफ अॅट लास्ट'. लिन व्हेनेबल यांच्या कथेवरून तो १९५९ साली तयार झाला. हेन्री बेमिस नावाचा बँकेतला कारकून आहे. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि वाचनाचे वेड. पण त्याला वाचू कोण देतो? कामावर साहेब ओरडतो. घरी बायको त्याच्या कवितेच्या पुस्तकाच्या पानांवर रेघोट्या मारून ठेवते. बिचारा जेवणाच्या सुट्टीत तिजोरीच्या खोलीत जाऊन वाचत बसतो. अशाच एका दुपारी बाहेर अणुबॉम्ब पडतो. शहर नष्ट होते, हा एकटा वाचतो. एकटेपणाला कंटाळून तो जीव देणार, इतक्यात त्याला पडक्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पसरलेली पुस्तके दिसतात. तो आनंदाने महिन्यांप्रमाणे त्यांचे ढीग लावतो. आता वेळच वेळ! आणि खाली वाकताना चष्मा पडतो आणि फुटतो.

यावर चाहत्यांत दोन तट आहेत. काही म्हणतात, सारे जग मेले आणि याला पुस्तकांचा आनंद होतो, म्हणून त्याला शिक्षा झाली. दुसरे म्हणतात, शिक्षा कसली? त्याने मागितले तरी काय होते? आम्ही दुसऱ्या तटाचे आहोत. दिवसभर राबून रात्री दिव्याखाली पुस्तक उघडणाऱ्या माणसाला हा भाग कोणी समजावून सांगावा लागत नाही. वाचायला वेळ मिळणे हीदेखील एक मालमत्ता आहे, आणि ती सर्वांना सारखी वाटलेली नाही.

परंतु ज्या भागावर सर्वांत जास्त बोलले जावे असे आम्हाला वाटते, तो आहे 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'. तो ४ मार्च १९६० रोजी प्रथम दाखवला गेला. अमेरिकेच्या अनेक शाळांत हे नाटक म्हणून वाचूनही घेतात. मेपल स्ट्रीट ही एक साधी, सुखवस्तू गल्ली आहे. उन्हाळ्याची संध्याकाळ. मुले खेळत आहेत, आइस्क्रीमवाला आला आहे. अचानक आकाशातून काहीतरी मोठा आवाज करीत, चमकत जाते. पाठोपाठ वीज जाते, टेलिफोन बंद पडतात, मोटारी सुरू होत नाहीत. एक लहान मुलगा म्हणतो, मी गोष्टीत वाचले आहे, परग्रहावरचे लोक येण्याआधी माणसांसारखे दिसणारे एक कुटुंब पुढे पाठवतात.

झाले! मुलाच्या तोंडचे एक वाक्य, आणि मोठी माणसे एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. एकाची मोटार आपोआप सुरू होते. तो रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे का पाहतो? दुसऱ्याच्या घरात कसले रेडिओ यंत्र आहे? काल ज्याच्याबरोबर चहा घेतला, त्याच्या आज झोप न येण्याचाही हिशेब मागितला जातो. पुढच्या गल्लीत चौकशीला गेलेला शेजारी अंधारातून परत येतो, तेव्हा घाबरलेला एक जण त्याच्यावर बंदूक झाडतो आणि तो जागीच मरतो. मग गोळी झाडणाऱ्याच्याच घरातले दिवे लागतात आणि जमाव त्याच्यावर उलटतो. शेवटी गल्लीत दगडफेक आणि गोळीबार सुरू होतो. दूर टेकडीवर खरेच परग्रहावरचे दोघे उभे आहेत. त्यांनी काय केले? थोडी यंत्रे बंद केली, थोडे दिवे घालवले. बाकीचे काम माणसांनीच केले.

या कथेत राक्षस शेवटपर्यंत गल्लीत येत नाही. त्याची गरजच पडत नाही. 'द शेल्टर' या १९६१ च्या भागात तर अंधारही लागत नाही. आकाशात अज्ञात वस्तू दिसल्याची रेडिओवर घोषणा होते, आणि वाढदिवसाला जमलेले मित्र एका डॉक्टरच्या तळघरातील सुरक्षित खोलीचे दार फोडायला धावतात. धावता धावता एक जण दुसऱ्याला तू बाहेरून आलेला, तुझा नंबर शेवटी, असे ऐकवतो. नंतर कळते, धोका नव्हताच. पण तोंडातून निघालेले शब्द कोण परत घेणार? संकट आले की सर्वांत आधी कोणाला रांगेबाहेर काढले जाते, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आता प्रश्न असा की, मनोरंजनासाठी चाललेल्या मालिकेत हे विषय आले कसे? त्याचे उत्तर सर्लिंग यांच्या आयुष्यात आहे. त्यांचा जन्म १९२४ चा, ज्यू कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात ते पॅराशूटधारी सैनिक म्हणून फिलिपाईन्समध्ये लढले. पुढे दूरदर्शनचे नाटककार म्हणून त्यांनी नाव कमावले. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या अवघ्या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला दोन गोऱ्यांनी हालहाल करून मारले. एका गोऱ्या बाईशी तो बोलला, एवढाच त्याचा गुन्हा. सर्व गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. काही महिन्यांतच त्यांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली!

सर्लिंग यांना यावर नाटक लिहायचे होते. परंतु दूरदर्शनचे नाटक जाहिरातदार कंपन्यांच्या पैशावर चालत असे. बातमी बाहेर पडताच दक्षिणेतल्या वर्णवर्चस्ववादी मंडळांकडून बहिष्काराच्या धमक्या आल्या आणि कात्री चालू झाली. १९५६ मध्ये ते नाटक पडद्यावर आले तेव्हा कृष्णवर्णीय मुलाच्या जागी कोणी एक परदेशी माणूस होता आणि दक्षिणेऐवजी उत्तरेकडचे न्यू इंग्लंडमधले गाव होते. दक्षिणेची आठवण होईल म्हणून थंड पेयाच्या बाटल्यासुद्धा काढल्या गेल्या. १९५८ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी कथा जुन्या काळात ढकलली गेली आणि मारला गेलेला तरुण मेक्सिकन झाला.

दोनदा हात पोळल्यावर सर्लिंग यांनी दुसरी वाट धरली. माणसाच्या तोंडी जे चालत नाही ते मंगळावरच्या प्राण्याच्या तोंडी चालते, हे त्यांनी ओळखले होते. पुढल्याच वर्षी 'ट्वायलाइट झोन' सुरू झाली.

ही वाट कुठवर जाते, हे 'आय ऑफ द बिहोल्डर' या नोव्हेंबर १९६० च्या भागात दिसते. एका तरुणीचे तोंड पट्ट्यांनी गुंडाळलेले आहे. ती कुरूप आहे, म्हणून सरकारी इस्पितळात तिच्यावर अकराव्यांदा उपचार झाले आहेत. डॉक्टर आणि परिचारिका बोलतात, पण त्यांचे चेहरे सावलीत. पट्ट्या सुटतात. ती आपल्या डोळ्यांना सुंदर दिसते, आणि डॉक्टर किंचाळून मागे सरतात. उजेडात त्यांचे चेहरे दिसतात, तर डुकरासारखी नाके! तेच तेथले सौंदर्य. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचा नेता ओरडून सांगत असतो की सर्वांनी एकसारखे असले पाहिजे.

बहुतेक चाहते या भागातला धक्का आठवतात. आम्हाला मात्र त्यानंतरची दोन मिनिटे जास्त महत्त्वाची वाटतात. उपचार फसले, तेव्हा तिला तिच्यासारख्यांच्या वेगळ्या वस्तीत पाठवले जाते. एक देखणा पुरुष तिला न्यायला येतो आणि तेथे तुला आपले लोक भेटतील, असा धीर देतो. कित्येकांना हा सुखाचा शेवट वाटतो. गावकुसाबाहेरची वस्ती ज्यांच्या आजोबांनी पाहिली आहे, त्यांना तो तसा वाटेल काय? आपली माणसे भेटणे हा दिलासा खरा. पण वेशीची रेघ कोणी ओढली, हा प्रश्न त्या दिलाशाने मिटत नाही.

येथेच आमचे काही चाहत्यांशी दुमत होते. सर्लिंग यांनी सत्य वेष बदलून आत नेले, ही त्यांची हुशारी होती, असे सर्व म्हणतात. ते बरोबरच आहे. परंतु वेषांतराची किंमतही मोजावी लागते. मेपल स्ट्रीटवर सगळे चेहरे गोरे आहेत. एमेट टिलचे नाव कोठेच नाही. ज्या गोऱ्या प्रेक्षकाला समजून घ्यायचे नव्हते, त्याला ही गोष्ट परग्रहाचीच आहे असे म्हणून शांत झोपता येत होते.

सर्लिंग यांनाही हे कळत असावे, असे दोन भाग पाहून वाटते. 'द बिग टॉल विश' या १९६० च्या भागात त्यांनी जवळजवळ सर्व भूमिका कृष्णवर्णीय कलावंतांना दिल्या. आयव्हन डिक्सन यांनी उतारवयाला लागलेला मुष्टियोद्धा उभा केला. त्या काळी अमेरिकन दूरदर्शनवर हे दुर्मीळ होते. दुसरा भाग मार्च १९६४ चा, 'आय अॅम द नाइट, कलर मी ब्लॅक'. एका द्वेष्ट्याला मारल्याबद्दल एकाला फाशी द्यायची आहे आणि त्या सकाळी त्या गावात सूर्यच उगवत नाही. फाशी बघायला लोक उत्साहाने जमतात आणि अंधार दाट होत जातो. शेवटी रेडिओ सांगतो, असाच अंधार बर्लिनच्या भिंतीवर, डॅलसच्या एका रस्त्यावर आणि अलाबामातील बर्मिंगहॅमवर पडला आहे. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बने चार कृष्णवर्णीय मुलींचा बळी घेतला त्याला तेव्हा सहा महिनेच झाले होते. येथे सर्लिंग यांनी मंगळ सोडला आणि गावाचे नाव घेतले.

सर्लिंग १९७५ साली पन्नासाव्या वर्षी वारले. ते वाढले त्या बिंगहॅम्टन शहरातील बागेत २०२४ मध्ये त्यांचा पुतळा बसवण्यात आला. मालिका पुन्हा पुन्हा नव्याने निघाली. २०१९ मध्ये जॉर्डन पील या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या पुढाकाराने ती आली तेव्हा 'रिप्ले' नावाच्या भागात एक कृष्णवर्णीय आई आपल्या मुलाला मोटारीने महाविद्यालयात सोडायला निघते. वाटेत एक गोरा पोलीस त्यांच्या मागे लागतो. तिच्याजवळच्या जुन्या कॅमेऱ्याचे बटण दाबले की काळ मागे जातो. ती रस्ता बदलते, बोलणे बदलते, नम्र होऊन पाहते. काही केले तरी तो पोलीस येतोच. सर्लिंग यांना १९५६ मध्ये जे सांगू दिले नव्हते, ते त्यांच्याच मालिकेच्या नावाखाली ६३ वर्षांनी उघड्या चेहऱ्याने सांगितले गेले. एवढा वेळ लागला, हेही विसरता कामा नये.

म्हणून माता-भगिनींना आणि तरुणांना आमचे सांगणे आहे. हे जुने काळेपांढरे भाग मिळाले तर मुलांना घेऊन जरूर पाहा. मेपल स्ट्रीटचा भाग आधी पाहा. पाहून झाल्यावर आवडला का, एवढेच विचारून थांबू नका. त्या गल्लीत तू असतास तर कोणाच्या शेजारी उभा राहिला असतास, हेही मुलांना विचारा. त्यांचे उत्तर नीट ऐका, आणि मग आपलेही सांगा.